झील

जानेवारीत कॉव्हेंट्रीला चार वाजताच दिवे लावावे लागतात.
स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप,
बाजूला उप्पिटाची वाळलेली बशी,
आणि पडद्यावर तीन टूल्स उघडी,
तिन्ही फुकट, गुरुवारपर्यंत.

आबांचा व्हिडिओ अकरा मिनिटांचा. अर्धांगानंतरचा.
डाव्या बाजूचा ओठ नीट मिटत नाही,
शब्द तिथून थोडे सांडतात.
मागे सिंकमध्ये मीच भांडी आपटतोय, मूर्खासारखा.
त्यांना जाऊन नोव्हेंबरात वर्ष झालं.

केतकीला हवाय तो. मार्चमध्ये बारा पुरी होतील तिला.
तिला ऐकू येत नाही, आबांना खुणांची भाषा जमली नाही,
दोघं बोलत ते पत्त्यांनीच:
हुकमाचा एक्का पडला की चार भुवया वर.
तर खाली अक्षरं हवीत. एवढंच काम.

पहिलं टूल, महिना नऊ पौंड.
भाषा निवडा म्हणालं. यादीत मराठी होती,
मालवणी कशाला असेल.
आबा म्हणतात,
"माजो झील हयसरच जल्माक इलो.
बरफ पडत होतो. माका रजा गावाक नाय."
खाली इंग्रजीत उमटलं:
माझं तळं इथंच जन्मलं.
बर्फ पडत होता. राजा गावात नाही.

मी हसलो. परत लावलं.
तिसऱ्यांदा लावलं तेव्हा हसू येईना.
कुठल्याशा सर्व्हरने आबांचा झील
हिंदीत ऐकला होता.

दुसरं एकोणीस पौंडांचं, आणि शहाणं.
अडखळणं गाळलं, खोकला पुसला, लिहिलं:
माझ्या मुलाचा जन्म इथे झाला,
तो माझ्या आयुष्यातला सर्वात आनंदाचा दिवस.
आबा असं बोललेच नाहीत.
त्या दिवशी ते गिअरच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होते,
आणि आनंद हा शब्द त्यांच्या तोंडून
मी तरी कधी ऐकला नाही.
पण वाक्य इतकं नेटकं
की ठेवून घ्यावंसं वाटलं.
खोटं कशाला बोलू, बोट बटणावर होतं.

तिसऱ्याने आबाच नवे करून दिले.
ओठ सरळ, स्वेटरला सुरकुती नाही,
इंग्रजी थेट बातम्या देणाऱ्याचं.
केतकी मागे येऊन उभी होती, मला कळलंच नाही.
ती अक्षरांच्या आधी ओठ वाचते.
बोटांनी विचारलं तिने:
हा माणूस कोण?

काय सांगणार. बंद केलं.

घेतलं मग पहिलंच, नऊ पौंडांचं, चुकणारं.
चुकतं ते निदान दिसतं तरी.
रात्री एकेक ओळ हाताने सारखी करत बसलो.
राजाला गावातून काढलं, रजा मिळाली नाही असं लिहिलं.
खोकला लिहिला, कंसात.
भांडी आपटल्याचा आवाजही लिहिला,
कळू दे तिला, मी तिथंच होतो
आणि ऐकायचं सोडून काय करत होतो.

तळं तेवढं राहून गेलं.
राहून गेलं की ठेवलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

वाढदिवसाला केकच्या आधी तिने व्हिडिओ लावला.
तळ्यापाशी थांबवला. भुवया वर.
मी समजावायला लागलो, हातांनी, घाईघाईत:
झील म्हणजे मुलगा, आमच्या वेंगुर्ल्याकडे.
हिंदीत तळं. मशीन चुकलं.
मुलगा म्हणजे मी.

तिने सगळं पाहून घेतलं.
मग डाव्या हाताचा गोल काठ केला,
उजव्याची बोटं त्यात हळू हलवली,
आणि माझ्याकडे दाखवलं.

तेव्हापासून घरात माझं नाव तेच.
दूध संपलंय एवढं सांगायचं असलं तरी
आधी काठ, मग पाणी,
मग दूध.